चारचा पाढा आणि लोकरीचे चौकोन



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु घरातील पेटीवर घडी घालून ठेवलेल्या पांघरुणालाही इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवत नाही, एवढेच.

सातारा-सांगलीकडील जुने पांघरूण म्हणजे वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने ती शिवली जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया तुकडे जोडून अशीच कवंदी शिवतात. त्यांत मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती अशा सर्वच आहेत. लोकरीचे क्रोशाचे चौकोन मात्र आपल्याकडे मागाहून आले.

क्रोशाची कला युरोपात एकोणिसाव्या शतकात पसरली. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर अनेक कुटुंबे तगली. लोकरीच्या चौकोनाचा छापील नमुना अमेरिकेतील ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकी पत्रात १८८५ साली आला. भारतात मिशनरी स्त्रियांनी ही विद्या शिकविली व आंध्रातील नरसापूर तिचे मोठे केंद्र बनले. पुढे टोप्या, रुमाल आणि चौकोनांची पांघरुणे आपल्याही घरांत होऊ लागली.

या चौकोनाची रचना मोठी हिशेबी आहे. चार-पाच साखळ्यांचे एक कडे करावयाचे आणि त्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालावयाचे. कोपऱ्यांत दोन-दोन गट घालीत गेले की दुसऱ्या फेरीत आठ, तिसऱ्या फेरीत बारा आणि चौथ्या फेरीत सोळा गट होतात. विद्यार्थी मित्रांनो, हा चारचा पाढाच नव्हे काय? चार फेऱ्यांत चाळीस गट, म्हणजे एकशेवीस खांब!

आमच्या अम्मांनी असे एक पांघरूण विणले आहे. परवा मी त्यातील चौकोन मोजले. बारा ओळी आणि प्रत्येक ओळीत पंधरा, असे एकशेऐंशी भरले. म्हणजे एकवीस हजार सहाशे खांब झाले. एका चौकोनास अर्धा तास धरला तरी नव्वद तास होतात, जोडणीचे निराळेच. मी विचारले, “अम्मा, एवढं काम केव्हा केलंत?” त्या म्हणाल्या, “काम कसलं रे? रिकामा वेळ होता, तेवढंच.” त्या शाळेत गेलेल्या नाहीत.

हेच उत्तर नरसापूरच्या स्त्रियांच्या बाबतीत फार महाग पडले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे या स्त्रियांवरील पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. तेथे हजारो स्त्रिया घरी बसून लेस विणीत. माल परदेशी जाई, व्यापारी सधन होत. परंतु विणणारीला ‘गृहिणी’ म्हणत आणि तिच्या श्रमांना ‘फावला वेळ’. श्रमच मोजले नाहीत, तर मोबदला कोठून मिळणार?

आता सातारा जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण पाहा. माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने कष्टकरी स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरविले. अर्जावर पुष्कळ अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. स्त्रिया खचल्या नाहीत. त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हांला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब येतो, असे त्यांनी साहेबांना ठणकावून सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. हिशेब त्यांच्याजवळ पूर्वीपासून होताच. कमी होते ते अक्षर.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. “मुलगी शिवण-विणकाम शिकेल, शाळा आता पुरे,” असे म्हणू नका. शिकू द्या, पण चौकोन किती झाले, लोकर किती लागली आणि किंमत काय यावी, हे तिला स्वतःच्या हाताने वहीत मांडता आले पाहिजे. आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेश अर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’ असे लिहिण्यापूर्वी घरातील पांघरुणाचे चौकोन एकदा मोजून पाहा.