रामनगर १९५७: चुप रहो, सावधान!

सप्टेंबर १९५७, अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. अस्सीकडून सुटलेली होडी गंगा ओलांडून रामनगरच्या किल्ल्याखाली टेकते. चुनारी दगडाची उंच तटबंदी डोळ्यांत भरते न भरते, तोच गर्दी तुम्हाला पुढे रेटते. आज रामलीलेचा पहिला दिवस. आता ३१ दिवस हे गाव अयोध्या होईल, जनकपूर होईल, पंचवटी होईल आणि शेवटी लंकाही. लीलेत विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. पेट्रोमॅक्सचा फसफसता उजेड तेवढा आहे. हत्तीवरून काशीनरेश विभूतिनारायण सिंह येतात, 'हर हर महादेव'चा गजर उठतो आणि कल्लोळ इतका वाढतो की शेजारच्याचं बोलणंही कळेनासं होतं.

मग हाळी येते: "चुप रहो, सावधान!"

क्षणात सगळे गप्प. तुमची मान ताठ झालेली आहे, छाती जरा जोरात धडधडते आहे, नजर एका जागी खिळली आहे. तुम्ही भविष्यातून आलात, म्हणून आत काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. तिथून निघालेले तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन पोचवतात आणि 'इकडे बघ' एवढंच सांगतात. भोवतालच्या हजारोंपैकी हे कुणालाच ठाऊक नाही. जगातही अजून कुणाला नाही, कारण या पेशींचा नकाशा स्वीडनमध्ये १९६४ साली निघायचा आहे.

लीला संपते. बाजारातून परतताना जडीबुटीवाल्यापुढच्या मुळ्यांच्या जुड्यांपाशी थांबा. त्यातली एक तोंडात घालाल तर जीभ कडू होईल. ही सर्पगंधा. बिहारपासून पूर्वांचलापर्यंत तिची ओळख 'पागल की दवा' अशीच. खवळलेल्या माणसाला ती शांत करते, झोप आणते, हे वैद्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते छापूनही ठेवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली. त्यांचा ५० रुग्णांवरचा अहवाल १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं या मुळीकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. तुम्ही आलात त्याच वर्षी, १९५७ मध्ये, डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळतो आहे.

पण मुळी शांत करते ती कशी? त्यासाठी याच वर्षी स्वीडनमधल्या लुंडला चला. प्रयोगशाळेत ससे आहेत. रेसरपिन टोचल्यामुळे त्यांचे कान पडले आहेत, अंग जागच्या जागी गोठलं आहे. संशोधक आर्विड कार्लसन त्यांना एल-डोपा टोचतात. काही मिनिटांत कान उभे राहतात, ससे इकडेतिकडे फिरू लागतात.

इथे रसायनांची साखळी समजून घ्या. टायरोसिनपासून एल-डोपा, त्यापासून डोपामाइन, मग नॉरअ‍ॅड्रेनालिन, शेवटी अ‍ॅड्रेनालिन. यातली शेवटची तिन्ही कॅटेकोलामाइन्स. रेसरपिनमुळे पेशींतला त्यांचा साठा रिकामा होतो. डोपामाइन हे तोवर वाटेतलं एक किरकोळ स्थानक मानलं जाई. ससे उठून चालू लागले तरी मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन परतलेलं नव्हतं. परतलं होतं डोपामाइन.

आता मार्च १९६०. लंडन, ४१ पोर्टलंड प्लेस. कॅटेकोलामाइनवर काम करणारे जगातले मोठे शास्त्रज्ञ जमले आहेत. यजमान आहे सीबा फाउंडेशन, म्हणजे ज्या कंपनीने हिंदुस्थानी मुळीतून रेसरपिन काढलं तिचीच संस्था. मागच्या खुर्चीत बसा आणि ऐका. कार्लसन डोपामाइनबद्दलची आपली मांडणी करतात. १९३६ चे नोबेलविजेते सर हेन्री डेल, वय ८४, एल-डोपा हे विष आहे असं सांगतात. शंका येतच राहतात. समारोपाला जॉन गॅडम म्हणतात, कॅटेकोलामाइन्सचा मेंदूच्या कामाशी काय संबंध, यावर तर्क करायला इथे कुणीच धजावलं नाही. कार्लसन समोरच बसलेले असतात!

डेल, गॅडम काही अडाणी नव्हते. पुरावा मागणं हा त्यांचा धर्मच होता. त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच यांना पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी कमतरता आढळली आणि पुढच्याच वर्षी रुग्णांना एल-डोपा टोचून पाहण्यात आलं. अंथरुणाला खिळलेले उठून बसले. त्याच १९६० मध्ये, रामनगरपासून गंगेपलीकडे, काशी हिंदू विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे प्राचार्य के. एन. उडुपा यांनी पुढे योगासनं करणाऱ्यांमधली कॅटेकोलामाइन्स मोजली. मात्र रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून थेट मन वाचता येत नाही.

परत या आपल्या काळात. इथे हातातला फोन सुटत नसला की आपण 'डोपामाइन' म्हणून मोकळे होतो. असं एका शब्दात माणसाला बसवू नका. रामलीलेतल्या त्या शांततेला नॉरअ‍ॅड्रेनालिन लागलं, तशी लहानपणापासून ऐकलेली कथा लागली, शेजारी बसलेलं गावही लागलं. आणि शोधाचं श्रेय वाटताना रुग्णाकडे आधी नीट पाहणाऱ्यांना विसरू नका. वैद्यांनी आणि डॉ. वकील यांनी मुळीचा परिणाम टिपला नसता, तर लुंडच्या सशांना टोचायला रेसरपिनच नसतं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही मुख्यतः लेवोडोपाच, म्हणजे तोच एल-डोपा, दिला जातो.