शिकवणारेही शिकत होते

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिहायचे काम समितीने माझ्याकडे दिले. स्थापना, इमारत, देणगीदार यांवर मागच्या स्मरणिकांत भरपूर आले आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुनी दप्तरे चाळताना मी रमलो तो सेवापुस्तकांत. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात एक ओळ लिहायची, काही वर्षांनी तिच्याखाली वेगळ्या शाईत दुसरी, मग तिसरी. आपले गुरुजी आणि बाई नोकरी करता करता किती शिकले, याची ही नोंद.

सर्वांत जुन्या पिढीची पात्रता 'व्ह. फा.' म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. सातवीची ही परीक्षा झाली की मुलगा मास्तर व्हायचा आणि ट्रेनिंग कॉलेजला जायची पाळी मागाहून यायची. तोवर तो 'अनट्रेंड', पगारही तसाच. शिक्षकांना वाचायला काही असावे म्हणून 'मराठी शालापत्रक' मात्र 1861 पासून निघत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर काही काळ त्याचे संपादक होते. आपल्या शिक्षक-खोलीत दिसणारे 'जीवन शिक्षण' हे मासिक आपले मूळ तिथेच सांगते.

पुढे शिकायचे तर ते स्वतःच्या हिमतीवर. अनुताई वाघ यांनी पुण्यात हुजूरपागेत शिकवत असताना रात्रशाळेत जाऊन 1937 साली मॅट्रिक केले आणि 1961 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, बी.ए. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण अशा बाई आपल्याही शाळेत होत्या. कोल्हापूरला 1962 साली शिवाजी विद्यापीठ झाल्यावर परीक्षेसाठी पुण्याकडे बघायची गरज उरली नाही, आणि आपल्या भूगोलाच्या बाई बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.ला बसल्या. सातवीत असताना ऐन परीक्षेच्या तोंडावर हेडसर स्वतः नकाशा घेऊन वर्गात आले होते, आठवते? आपण घाबरून गप्प बसलो होतो. बाईंचे तास त्यांनी आठवडाभर स्वतःकडे घेतले होते. सेवापुस्तकात त्या आठवड्यापुढे 'विनावेतन रजा' असे लिहिले आहे. हेडसरांना तास घेता आले. पगार मिळवून देणे त्यांच्या हातात नव्हते. दोन मुले, एक पगार आणि परीक्षेची फी, हे गणित बाईंनी कसे जमवले ते दप्तरात सापडत नाही.

नंतरच्या पिढीला थोडे सोपे गेले. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले आणि घरी राहून पदवी घेता येऊ लागली. बारा वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी आणि त्यासाठी सक्तीचे प्रशिक्षण, असेही आले. त्या प्रशिक्षणांबद्दल आपले सर लोक काय बोलायचे ते इथे छापण्यासारखे नाही. पगाराशी बांधलेले शिक्षण आणि बाईंचे ते शिक्षण यांत फरक आहेच. तरी रजा कापली जात नव्हती, हेही खरे.

एक नोंद मात्र शिक्षकाची नाही. घंटा देणारे आपले शिपाईमामा. आपण दहावीला बसलो त्याच मार्चमध्ये, आपल्याच केंद्रावर, सतरा नंबरचा फॉर्म भरून मामाही बसले होते. इंग्रजी राहिले, ते ऑक्टोबरला सुटले. विज्ञानाच्या सरांनी त्यांना शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतच शिकवले होते. पुढे त्याच प्रयोगशाळेत मामा सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

मामा मेळाव्याला येणार आहेत. फुटलेल्या परीक्षानळ्यांचा विषय कोणी काढू नये. कोणी किती फोडल्या हे त्यांच्या वहीत नावानिशी आहे.