वैद्याच्या बोटांपासून रुग्णाच्या मनगटापर्यंत : हृदय शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम आणि नाडीमापनाचा इतिहास (म्हसळा तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

म्हसळा हे रायगड जिल्ह्यातील, राजपुरी खाडीच्या टोकाशी आणि डोंगरांच्या कुशीत वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये या जिल्ह्याचे रायगड असे नामकरण झाले. मुंबईशी आणि आखाती देशांशी येथील कुटुंबांचा रोजगाराचा संबंध जुना आहे. गंभीर आजारावरील उपचारांसाठीही या भागाची दृष्टी प्रामुख्याने मुंबईकडेच लागलेली असते.

हृदय शस्त्रक्रिया मुंबईत होते, परंतु त्यानंतरचे आयुष्य गावातच काढावयाचे असते. घरी परतलेल्या रुग्णाला रोज चालण्याचा सल्ला मिळतो. मात्र किती चालावे, चढण चढावी की नाही आणि छातीत धडधडू लागल्यास थांबावे की चालत राहावे, या प्रश्नांचे उत्तर देणारा जाणकार जवळ असतोच असे नाही. परिणामी काही रुग्ण भीतीपोटी घराबाहेर पडत नाहीत, तर काही अति उत्साहाने शरीराला ताण देतात. ठोक्यांची संख्या मर्यादेबाहेर जाताच सूचना देणारे मनगटी घड्याळ, म्हणजेच स्मार्टवॉच, या पोकळीत आता येऊन उभे राहिले आहे. हे साधन कोणत्या ऐतिहासिक प्रक्रियेतून रुग्णाच्या हाती आले आणि त्याच्या इशाऱ्यावर कितपत विसंबता येते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नाडी आणि घड्याळ

भारतीय वैद्यकपरंपरेत नाडीपरीक्षेचे पद्धतशीर विवेचन शार्ङ्गधर संहितेत आढळते. तेथे नाडीची गती साप, बेडूक, हंस इत्यादी प्राण्यांच्या चालीवरून ओळखली जाते. ही परीक्षा गुणांची होती, संख्येची नव्हती. तिचे ज्ञान वैद्याच्या बोटांत साठलेले असे आणि रुग्णाने केवळ हात पुढे करावयाचा असे.

नाडीला संख्येचे रूप मिळण्यासाठी कालमापनाचे साधन आवश्यक होते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील सँटोरिओ यांनी लंबकाच्या साहाय्याने नाडीचा वेग मोजण्याचे उपकरण तयार केले. पुढे इंग्लंडमधील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी एक मिनिट चालणारे खास घड्याळ बनवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. घड्याळ आणि नाडी यांची सांगड अशा रीतीने तीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. मात्र फ्लॉयर यांचे घड्याळ वैद्याच्या हाती होते. ते रुग्णाच्या मनगटावर येण्यास विसावे शतक संपावे लागले.

विश्रांतीकडून व्यायामाकडे

हृदयविकारात व्यायाम उपकारक ठरू शकतो, ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. हृदयशूळाचे वर्णन १७७२ मध्ये करणारे विल्यम हेबरडेन यांनी रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बरा झालेल्या एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विश्रांतीचाच पुरस्कार झाला. हृदयाच्या स्नायूला झालेली इजा भरून येण्यास वेळ लागतो, या विचाराने झटका आलेल्या रुग्णास सहा ते आठ आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले जाई.

या समजुतीला पहिला धक्का १९५२ मध्ये बसला. सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या तुलनेत दुमजली बसमध्ये सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅलस येथील प्रयोगात पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या शारीरिक क्षमतेत मोठी घट झाली. तीस वर्षांनंतर त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी करण्यात आली. तीन दशकांच्या वयोमानापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या निष्क्रियतेने त्यांच्या क्षमतेची अधिक हानी केली होती, असे या तपासणीतून दिसून आले.

यानंतर हृदय पुनर्वसन ही स्वतंत्र शाखा आकारास आली. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या सात हृदयरुग्णांनी १९७३ मध्ये बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. ज्यांना जिना चढण्याची मनाई असे, त्यांच्यासारखेच रुग्ण आता बेचाळीस किलोमीटर धावले होते. यामागे मोजून, टप्प्याटप्प्याने वाढविलेला व्यायाम होता.

मुंबईतील हृदय शस्त्रक्रिया आणि रायगडचा रुग्ण

महाराष्ट्रात या इतिहासाचे केंद्र परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथे हृदय शस्त्रक्रियेचा पाया घातला. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी के. ई. एम. मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांपेक्षा अधिक जगला नाही, तथापि शस्त्रकौशल्याच्या दृष्टीने मुंबई जगाच्या बरोबरीने उभी असल्याचे या घटनेने दाखविले.

याच रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला एखादी शारीरिक क्रिया शिकवावी आणि तिचा परिणाम मोजून पाहावा, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या शारीरिक परिणामांचे प्रयोगशाळेत मापन करण्याची जी परंपरा सुरू केली, तिच्याशी या कार्याचे नाते आहे.

भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ मध्ये मद्रास येथे झाली. पुढील दशकांत ती मुंबईतही नित्याची झाली, पण खर्चामुळे ग्रामीण रुग्णास ती सहजसाध्य नव्हती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया या योजनेत समाविष्ट असल्याने म्हसळ्यासारख्या तालुक्यातील सामान्य कुटुंबासही शस्त्रक्रियेचे दार उघडले. मात्र देखरेखीखाली व्यायाम करवून घेणारी पुनर्वसन केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांतच राहिली. आठवड्यातून दोन-तीन वेळा मुंबई गाठणे म्हसळ्याच्या रुग्णास व्यवहारतः शक्य नाही. शस्त्रक्रिया गावापर्यंत पोहोचली, पण पुनर्वसन वाटेतच थांबले, असे म्हणावे लागते.

मनगटावरील नाडी

रुग्णालयाबाहेर हृदयाची नोंद घेण्याचा प्रयत्न अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी केला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वापरलेले उपकरण सुमारे ३८ किलो वजनाचे होते आणि ते पाठीवर वाहून न्यावे लागे. पुढे ते सहज अंगावर बाळगता येईल इतके लहान झाले. फिनलंडमधील पोलर या कंपनीने १९८२ मध्ये छातीवरील पट्टा आणि मनगटी घड्याळ यांची बिनतारी जोडणी बाजारात आणली. तिचा उगम क्रीडाप्रशिक्षणात होता.

आजच्या स्मार्टवॉचचे तत्त्व वेगळे आहे. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलते आणि त्यानुसार परत येणारा प्रकाश कमी-अधिक होतो. या तत्त्वावर १९३० च्या दशकात आल्रिक हर्ट्झमन यांनी मूलभूत काम केले होते. २०१५ मध्ये अ‍ॅपलचे घड्याळ बाजारात आले, २०१७ मध्ये त्यात ठोके वाढल्याची सूचना देण्याची सोय झाली आणि २०१८ मध्ये हृदयाचा विद्युत आलेख काढण्याची सोय आली. त्यानंतर अनेक कंपन्यांची कमी किमतीची घड्याळे भारतीय बाजारात पसरली.

इशाऱ्याचा अर्थ आणि मर्यादा

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. अ‍ॅपलच्या घड्याळातील ठोके वाढल्याची सर्वसाधारण सूचना माणूस सुमारे दहा मिनिटे स्वस्थ असताना ठोके ठरावीक मर्यादेवर राहिल्यास मिळते. चालताना ती मिळेलच, हा समज चुकीचा आहे. व्यायामाच्या वेळी इशारा हवा असल्यास व्यायामाची नोंद सुरू करून ठोक्यांची वरची मर्यादा स्वतंत्रपणे निश्चित करावी लागते. ही सोय सर्वच घड्याळांत असते असे नाही.

दुसरा प्रश्न ही मर्यादा कोणी ठरवावी हा आहे. अनेक घड्याळे '२२० वजा वय' हे सूत्र वापरतात. १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखनातून प्रचलित झालेले हे सूत्र स्थूल सरासरीवर आधारलेले आहे आणि व्यक्तीव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. हृदय शस्त्रक्रियेनंतर तर ते अधिकच दिशाभूल करते. उदाहरणार्थ, साठ वर्षांच्या व्यक्तीचे कमाल ठोके या सूत्राने १६० येतात. परंतु बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्या रुग्णाचे हृदय पूर्ण ताण पडूनही कदाचित ११५ च्या पुढे जाणार नाही. अशा रुग्णाच्या घड्याळात १३५ ही मर्यादा असेल, तर तो थकून खाली बसेपर्यंत घड्याळ गप्पच राहील. हे मौन सुरक्षिततेची खूण नव्हे.

म्हणूनच ट्रेडमिल चाचणीच्या आधारे, औषधे चालू असताना, डॉक्टरांनी दिलेला आकडाच ग्राह्य मानावा लागतो. चाचणी झालेली नसल्यास सुरुवातीच्या काळात विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा वीस ते तीस ठोके अधिक, अशी सावध मर्यादा सामान्यतः वापरली जाते. हृदयात ठोके सुधारणारे यंत्र बसविलेले असल्यास मर्यादा त्या यंत्राच्या मांडणीनुसार ठरते. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली श्रमाची ६ ते २० अशी श्रेणी आणि चालताना सहज बोलता येते की नाही ही साधी कसोटी, या दोहोंची जोड त्यास द्यावी लागते.

तिसरी मर्यादा उपकरणाची आहे. पट्टा सैल असल्यास किंवा हात सतत हलत असल्यास आकडा चुकतो. हृदय शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांत ठोक्यांची लय काही काळ बिघडते. अशा वेळी प्रकाशावर आधारित मोजणी कमी विश्वसनीय ठरते. चार लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अनियमित नाडीची सूचना सुमारे अर्धा टक्का व्यक्तींनाच मिळाली. सूचना मिळाल्यानंतर छातीवर लावलेली नोंदपट्टी ज्यांनी परत पाठविली, त्यांपैकी ३४ टक्के व्यक्तींत लय बिघडल्याचे आढळले. अनियमितता मध्येच येते-जाते, हेही त्यामागील एक कारण असू शकते. सूचना म्हणजे निदान नव्हे, एवढा बोध मात्र यातून निश्चितपणे मिळतो.

म्हसळ्याच्या संदर्भात

सपाट रस्त्यासाठी ठरविलेला चालण्याचा वेग म्हसळा परिसरातील चढणीवर लागू पडत नाही. किनारपट्टीच्या उकाड्यात आणि दमट हवेत तेवढ्याच श्रमास ठोके अधिक वाढतात. अंतर किंवा वेळ यांपेक्षा ठोक्यांची मर्यादा पाळणे येथे अधिक उपयुक्त ठरते. चढणीवर घड्याळ थरथरले की वेग कमी करावा, ठोके उतरल्यावर पुन्हा चालावे आणि मे महिन्यात पहाटेची वेळ निवडावी, असा साधा क्रम रुग्णास पाळता येतो. छातीचे मधले हाड कापून शस्त्रक्रिया झाली असल्यास ते भरून येईपर्यंत पाण्याची कळशी किंवा भाताचे पोते उचलू नये, हे मात्र कोणतेही घड्याळ सांगत नाही. छातीत दुखणे, भोवळ किंवा नेहमीपेक्षा अधिक दम ही लक्षणे दिसल्यास घड्याळाचा आकडा काहीही असो, थांबणे आवश्यक आहे. त्रास न ओसरल्यास २०१४ पासून राज्यात उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस बोलवावे.

घड्याळ परवडत नसेल, तरी मनगटावरील नाडी बोटांनी मोजण्याची कला रुग्णालयातून निघतानाच शिकविता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसन तपासले गेले. त्यामुळे गंभीर घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु रुग्णांचे स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत सुधारले आणि पूर्वीच्या कामाकडे परतणे सुलभ झाले. कमी खर्चाचे मार्ग उपलब्ध आहेत, असे यातून दिसते.

निष्कर्ष

१. नाडीमापनाचा इतिहास हा नाडी कोणाच्या हाती होती याचाही इतिहास आहे. वैद्याची बोटे, प्रयोगशाळेतील यंत्र आणि रुग्णाचे मनगट असा तिचा प्रवास झाला.

२. हृदयरुग्णास विश्रांतीपेक्षा मोजलेला व्यायाम हितकर आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाली. मात्र तिचा लाभ प्रामुख्याने शहरांपुरता राहिला.

३. शासकीय योजनेने रायगडच्या रुग्णास शस्त्रक्रिया मिळवून दिली, पण पुनर्वसनाची व्यवस्था त्या प्रमाणात विस्तारली नाही. स्मार्टवॉच ही पोकळी अंशतःच भरून काढू शकते.

४. इशाऱ्याचे मोल त्यामागील आकड्यावर अवलंबून आहे आणि तो आकडा डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. रुग्णालयातून घरी पाठविताना औषधांच्या यादीबरोबर ठोक्यांची मर्यादा लिहून दिली जावी आणि तालुक्याच्या रुग्णालयात तिचा वेळोवेळी फेरविचार व्हावा.

मोजणी रुग्णाच्या हाती आली असली, तरी तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर सोडता येणार नाही. ती जबाबदारी वाटून घेणारी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर उभी राहील, तेव्हाच म्हसळ्याची चढण शस्त्रक्रिया झालेल्या माणसास निर्भयपणे चढता येईल.