घबाड, नफका आणि लेकराचा वाटा

वऱ्हाडाला अचानक आलेल्या पैशाची ओळख जुनी आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. भाव चढले. याच दशकात भुसावळहून नागपूरकडे रेल्वे सरकली, शेगाव तिच्यावरचे स्टेशन झाले, शेजारचे खामगाव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजले. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. चार वर्षांत आलेले घबाड आले तसे गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या तेजीची वर्णने आहेत. कापसाच्या गाठी आहेत, व्यापारी आहेत, सावकार आहेत. त्या पैशातून बापापासून दुरावलेल्या लेकरांच्या ताटात काय पडले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही. आमच्या या लेखाचा विषय तोच आहे.

बापाची कमाई पाहून पोटगी ठरली आणि पुढे बापाचे नशीब उघडले, तर त्या वाढीत लेकराचा हक्क आहे की नाही?

आम्ही मुसलमान या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो, तर ते कोर्टाच्या आधी कुरआनात सापडते. सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. सूरह अत-तलाकच्या सातव्या आयतीचा आशय असा की ऐपतदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा आणि ज्याची रोजी तंग आहे त्याने अल्लाहने दिले असेल त्यातून करावा. याचा अर्थ नफका हा आकडा नाही, ते माप आहे. बापाचा हात सैल झाला की मापही वाढते. हजरत हिंद (रजि.) यांनी पती अबू सुफियान हात आखडून खर्च करतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार केली. तेव्हा तुला व तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे घे, अशी मुभा पैगंबरांनी (स.) दिली. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे.

बाराव्या शतकात इमाम मरगीनानी यांनी 'हिदाया' लिहिला. हनफी कायद्याचा हा आधारग्रंथ. 1791 साली चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले आणि कंपनीच्या न्यायालयांत तो चालू लागला. त्यात पत्नीच्या नफक्यासंबंधी एक मसला आहे. काझीने नवऱ्याची गरिबी पाहून नफका ठरवला, पुढे नवरा श्रीमंत झाला आणि बायकोने दाद मागितली, तर श्रीमंताला शोभेल एवढा नफका पुरा करून द्यावा लागेल. लेकरांबाबत हाच ग्रंथ सांगतो की लहान मुलाचा नफका एकट्या बापावर आहे, त्यात त्याला भागीदार नाही. मात्र घबाड मुलाच्याच नावे आले, म्हणजे त्याची स्वतःची मालमत्ता असली, तर खर्च आधी तिच्यातून होतो. एवढा बारीक विचार आठशे वर्षांपूर्वी झाला होता.

इंग्रजांचा कायदाही परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलण्याची सोय देत होता. पण त्याने वर झाकण ठेवले. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 488 खाली महिन्याला 50 रुपयांच्या वर पोटगी देता येत नव्हती. 1923 साली ही मर्यादा 100 झाली, 1955 साली 500. 1973 च्या संहितेत कलम 125 आले, बदलासाठी कलम 127 आले. झाकण मात्र 500 वरच राहिले. बापाला लाखाची जमीन मिळो की कोटीची, लेकराच्या वाट्याला 500 च्या पुढे काही येणार नव्हते. 2001 साली संसदेने ही मर्यादा काढून टाकली. 'हिदाया'त असे झाकण कधीच नव्हते, हे आम्ही शरियतच्या नावाने भांडणाऱ्या आमच्याच भावांना सांगू इच्छितो.

शाहबानो खटल्याचा निकाल 1985 साली लागला, त्यावर वादळ उठले आणि 1986 चा कायदा आला. त्यात तलाक झालेल्या आईला मुलांसाठी जन्मापासून दोन वर्षांपर्यंतची तरतूद लिहिली होती. तेवढ्यावर बोट ठेवून काही बाप म्हणू लागले की दोन वर्षे झाली, आमची जबाबदारी संपली. बिहारमधून आलेल्या नूर सबा खातून खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. कलम 125 खालचा मुलांचा हक्क स्वतंत्र आहे. तो सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत तिचे लग्न होईपर्यंत टिकतो, असे न्यायालयाने सांगितले. तिथे रक्कम किती होती? प्रत्येक मुलामागे महिना 150 रुपये! तेवढ्यासाठी एका आईला दिल्लीपर्यंत जावे लागले.

आज घबाडाचे रूप बदलले आहे. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग गेला. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प आला. जमिनी गेल्या आणि आयुष्यभर जो आकडा पाहिला नाही तो खात्यावर आला. समजा, दुष्काळाच्या वर्षी जमातीच्या बैठकीत मुलांसाठी महिना हजार रुपये ठरले. पुढे बापाला जमिनीचा मोबदला मिळाला, त्याने नवे घर बांधले, दुसरा निकाहही केला. पहिली लेकरे हजारावरच राहतात. आपोआप काही वाढत नाही. आईने कोर्टात जाऊन आधी पोटगीचा हुकूम मिळवावा लागतो, आणि हुकूम असेल तर परिस्थिती बदलल्याचे दाखवून वाढ मागावी लागते. उशीर केला तर पैसा घरात, गाडीत, दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो.

मिळकत लपवण्याच्या या खेळाला चाप बसला तो विदर्भातूनच निघालेल्या प्रकरणात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने एका मुलाला आधी 5,000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये महिना ठरवून दिले होते. ते प्रकरण 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व कर्ज यांचे शपथपत्र देणे आवश्यक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम 125 व 127 च्या जागी तिथे 144 व 146 आहेत. आकडे बदलले, हक्क तोच आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. हक्क बुडाला की तो आम्हाला हजेरीपटावर दिसतो. आधी वह्या येत नाहीत, मग पोरगी येत नाही. म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींना आमची एकच विनंती आहे. तलाकनाम्यावर लेकरांची रक्कम लिहाल, तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा: बापाची ऐपत वाढेल तशी ही रक्कम वाढेल. त्यासाठी नवा कायदा नको, नवा फतवाही नको. सूरह अत-तलाक प्रत्येक मशिदीत आहे.