मण्यांचा हिशेब

माझे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. पुढचे जे झाले ते कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्याला दुसरे काय येते, हे पाहण्याची मला खोड आहे. आजची हकीकत आपल्या विदर्भातलीच आहे.

नागपुरात वैद्यकीचे शिक्षण घेतलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात कामास लागले. तेथे तान्ही मुले न्यूमोनियाने दगावत होती. या रोगाची खूण साधी आहे. खोकला असलेल्या बाळाचा श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्याचा पन्नास किंवा अधिक भरला, तर औषध सुरू करावे. पण मोजायचे कोणी? डॉक्टर दूर, गावात होती ती सुईण, आणि पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणे तिला जमणारे नव्हते.

यावर तोडगा निघाला तो मण्यांचा. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटे करावे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी सरकून झाले, की रोगाचे निदान झाले! विद्येने येथे सुईणीच्या बोटांशी जुळवून घेतले. दवाखान्याचेही तसेच. शोधग्राम येथे आदिवासींच्या घरांसारख्या कुटीत तो उभा राहिला, आणि त्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा कोणी घेऊ नये. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने डागण्या देतात. त्याला डंभा म्हणतात. त्या प्रथेची बाजू मी घेणार नाही. मात्र डंभा देणारा हात आणि मणी सरकवणारा हात एकाच समाजातले आहेत. पहिल्याला नुसते दटावून काही साधत नाही. दुसऱ्याच्या हाती साधन द्यावे लागते.

पुढे गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या घरोघरी करू लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जेथे हे काम नव्हते त्या गावांशी ताडून पाहता नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली घरोघरच्या नवजात-सेवेचा कार्यक्रम देशभर घेण्यात आला आणि तो आशाताईंकडे सोपवला गेला.

आता माझ्या धंद्यातला एक प्रश्न विचारतो. आशा योजना २००५ सालची. सरकारी कागदावर ही बाई ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. गिरणीत आम्ही ज्याला उक्ते काम म्हणत होतो, तेच हे. बाळाचा श्वास मोजण्याइतका विश्वास ज्या हातांवर आपण टाकला, त्या हातांना कामगार म्हणायला मात्र आपण कचरतो. मण्यांनी एक हिशेब पुरा केला. हा दुसरा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो तुम्हाआम्हालाच चुकता करावा लागेल.