तक्त्यांवर न आलेलं बीड

बीड जिल्ह्यातल्या शाळेत मी इतिहास शिकवते. आमच्या लहानपणी वर्गातलं चित्र म्हणजे खिळ्याला टांगलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या असलेला तक्ता. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांना नकाशे, तक्ते मिळू लागले. त्या तक्त्यांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण मी पाहिलेल्या तक्त्यांवर ताजमहाल होता, कुतुबमिनार होता, बीड नव्हतं.

आणि बीडमध्ये काय नाही? कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईतली हत्तीखान्याची लेणी. निजामशाहीच्या काळात, १५८२च्या सुमारास बांधलेली खजाना विहीर तर मुलांनी पाहायलाच हवी: भूमिगत नहरींनी इथलं पाणी शेतांपर्यंत जातं, हे नुसत्या शब्दांत सांगून कळत नाही.

२००४मध्ये विकिमीडिया कॉमन्स हा इंटरनेटवरचा खुला चित्रसंग्रह सुरू झाला आणि हौशी लोकांनी आपापल्या गावच्या देवळांचे, बारवांचे फोटो तिथे फुकट ठेवले. माझ्या मते शाळांसाठी ही तक्त्यांइतकीच मोठी घटना आहे. कंकालेश्वराचे फोटो मी तिथूनच घेते. फुकट असलं तरी बेवारस नसतं. प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो, बहुतेक ठिकाणी छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. भारतात सरकारी फोटोंचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणून जुनी सरकारी सर्वेक्षणंही धुंडाळावीत. छापून भिंतीवर लावलेल्या प्रत्येक फोटोखाली मुलं छायाचित्रकाराचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहितात.