मठाची वास्तू आणि चित्ताची स्थिरता

उपासनामंदिरातील शांतता सर्वस्वी उपासकांच्या वागणुकीवर अवलंबून असते, असे आपण सहसा गृहीत धरतो. मंडळीला शांत बसण्याची सूचना दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही आपणांस वाटते. परंतु मनुष्य ज्या वास्तूत वावरतो ती वास्तूही त्याचे चित्त एकाग्र करते किंवा विखुरते. बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठवाशांनी हे ओळखून त्याप्रमाणे बांधकाम केले. त्यांच्या एका मठाच्या आधारे हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

संत बेनेदिक्तच्या नियमाचे काटेकोर पालन व्हावे या हेतूने इ. स. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे हा संघ उदयास आला. त्याचा थोर पुढारी क्लेर्व्होचा संत बर्नार्ड याने इ. स. ११२५ च्या सुमारास मठांतील अलंकरणावर कठोर टीका केली. वाचन-मननासाठी असलेल्या ओवऱ्यांत विचित्र प्राण्यांची शिल्पे कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. ती शिल्पे ध्यानस्थ बंधूंचे लक्ष ओढून घेतात, आणि भिंतींवर द्रव्य उधळले जात असता गरीब उपाशी राहतात, हे त्याचे दोन आक्षेप होत. मन विचलित होण्याची तक्रार केवळ आपल्याच युगाची नाही, हे यावरून दिसते.

इ. स. १११८ मध्ये बर्नार्डने स्थापिलेल्या फोंतने मठात हा विचार दगडात उतरलेला आढळतो. तेथील मंदिराचे पवित्रीकरण इ. स. ११४७ मध्ये पोप तिसरे युजीन यांच्या हस्ते झाले. हे मंदिर सुमारे ६६ मीटर लांब आहे; त्यास उंच मनोरा नाही, भिंतींवर कथाचित्रे नाहीत. मध्यदालनाच्या वरच्या भागात खिडक्या नसल्याने प्रकाश मुख्यतः दोन्ही टोकांकडून व बाजूच्या दालनांतून येतो. साहजिकच दृष्टी वेदीकडे वळते. दगडी कमानदार छताखाली स्वर बराच वेळ घुमतो. अशा ठिकाणी घाईने गायिलेले स्तोत्र अस्पष्ट होते, म्हणून सर्वांना सावकाश व एकसुरात गावे लागते.

तथापि हा मठ निरुद्योगी नव्हता. तेथे लोखंडाची मोठी भट्टी होती व पाण्याच्या शक्तीने घण चालत असे. मात्र ही भट्टी मंदिरापासून दूर, आवाराच्या कडेला बांधलेली होती. शयनगृहातून उतरणारा जिना थेट मंदिरात येई, त्यामुळे रात्रीच्या प्रार्थनेस जाताना बंधूंना बाहेर पडावे लागत नसे. श्रम, विश्रांती व प्रार्थना यांची जागा अशी विचारपूर्वक ठरविलेली होती.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मठ विकला गेला व पुढे तेथे कागदाचा कारखाना चालला. इ. स. १९०६ मध्ये एदुआर एनार याने ही मालमत्ता घेऊन जीर्णोद्धार आरंभिला, तो प्रामुख्याने कारखान्याच्या इमारती पाडून. इ. स. १९८१ मध्ये या मठाचा जागतिक वारशात समावेश झाला.

यावरून सुवर्णमंडित वेद्या त्याज्य ठरतात, असे आम्ही म्हणत नाही. गोव्यातील मंदिरांची परंपरा निराळी आहे. सामान्य जनांची भक्ती जागविण्यासाठी बिशपांच्या मंदिरांत अलंकार असू शकतात, हे स्वतः बर्नार्डनेही मान्य केले होते. आमचा प्रश्न आपल्या आजच्या सवयीविषयी आहे. दुरुस्तीचा निधी जमला की आपण आणखी एक ध्वनिवर्धक, रंगीत दिव्यांची आणखी एक माळ किंवा देणगीदारांच्या नावांचा आणखी एक फलक लावतो. प्रार्थनेस आलेल्या शोकाकुल माणसास मात्र निवांतपणे गुडघे टेकण्यास कोपरा उरत नाही.

म्हणून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी पुढील दुरुस्तीपूर्वी एखाद्या आडवारी आपल्या रिकाम्या मंदिरात अर्धा तास बसावे. नजर कोठे जाते, कोणता आवाज कानी पडतो, प्रकाश कोठून येतो, याची नोंद करावी. नंतर काय लावावयाचे याआधी काय काढावयाचे, याचा विचार मंडळीसमवेत करावा. यास फारसा खर्च येणार नाही. वाचलेले द्रव्य कोणाच्या उपयोगी पडावे, हे बर्नार्डच्या दुसऱ्या आक्षेपावरून स्पष्टच आहे.